बहात्तरचा दुष्काळ आणि आमच्या घरातलं ताट

ताटात काही टाकायचं नाही, हा नियम बहुतेक घरांत असतो. आमच्याकडे त्या नियमाला धाक होता. आज्जी जेवणाऱ्या माणसाच्या ताटाकडे बघत बसायची. शेवटचा घास तोंडात जाईपर्यंत तिची नजर हलायची नाही. पोट भरलेलं असो, मळमळत असो, ताट पुसून स्वच्छ झालंच पाहिजे. उरलेल्या भाकरीचे तुकडे ती पत्र्यावर वाळवायची आणि जुन्या लुगड्यात बांधून खाटेखाली ठेवायची. ती गेल्यावर ते गाठोडं आण्णांकडे आलं. आण्णा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत त्यांनी उभं आयुष्य काढलं, राजारामपुरीत लहानसं का होईना स्वतःचं घर बांधलं, पगार कधी चुकला नाही. तरी धान्याच्या खोलीला कुलूप, आणि किल्ली करदोट्याला.

कोल्हापूर म्हणजे आग्रह करकरून वाढणारं गाव. आमच्या घरीही पाहुणा आला की मटण शिजायचं, तांबडा-पांढरा व्हायचा. पण आण्णा सगळ्यांचं झाल्यावर बसायचे आणि पातेल्यात किती उरलंय ते बघून मगच स्वतःला वाढून घ्यायचे. आम्हाला ते प्रेम वाटायचं. ते प्रेम होतंच, त्याबद्दल मला आजही शंका नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. आमच्या गल्लीपर्यंत पाणी पोचलं नाही, पण शिरोलीजवळ महामार्ग बुडाला आणि शहरात दूध, भाजी, पेट्रोल मिळेनासं झालं. आण्णांनी जेवण सोडलं. "मला भूक न्हाई, पोरांस्नी वाढा." कोठीत दोन-तीन महिन्यांचं धान्य होतं. ते नुसत्या चहावर राहिले आणि एका सकाळी न्हाणीत चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी सलाईन लावलं, वयाचं कारण सांगितलं. पुढच्याच वर्षी लॉकडाऊनमध्ये पुन्हा तेच.

मी मदत घ्यायला गेले ती मात्र आण्णांसाठी नव्हे, मुलीसाठी. ती आठ-नऊ वर्षांची असताना जेवल्यावर तिला उलट्या व्हायला लागल्या. तपासण्या झाल्या, पोटात काही सापडलं नाही. बालरोगतज्ज्ञांनी समुपदेशकांकडे पाठवलं. टाकाळ्याजवळ एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्या मॅडम बसायच्या. मुलीशी त्या चित्रं काढत, मातीकाम करत बोलायच्या. काही भेटींनंतर त्यांनी मला थांबवून घेतलं. "ताई, ती घास चावताना तुमच्या तोंडाकडे बघते. तिनं चित्रात जेवणाचं टेबल काढलंय, त्यात तुम्ही आहात, पण तुमच्यासमोर ताट नाही. आता थोडे दिवस तुम्ही याल का?"

पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, मुलीनं घास ठेवला की तुमच्या अंगात नेमकं कुठे काय होतं? मी म्हटलं, राग येतो. राग कुठे येतो? मला उत्तर देता आलं नाही. पुढे पुढे लक्ष द्यायला शिकले तेव्हा कळलं, आधी घसा आवळतो, मग बोटं गार पडतात, आणि राग त्याच्यानंतर येतो. म्हणजे मूळची भीती होती. एवढं एक वाक्य स्वतःशी नीट म्हणता यायला बरेच आठवडे गेले. चांगल्या पिकल्या मुलखात, पोटभर खाऊन वाढलेल्या बाईला उरलेल्या अर्ध्या भाकरीची भीती का वाटावी?

मग मॅडमनी मोठा कागद अंथरला. तीन पिढ्यांचा नकाशा काढायचा होता. त्याला जीनोग्राम म्हणतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरी बोवेन यांच्या कुटुंब-उपचाराच्या पद्धतीतून तो आला आणि आता जगभर वापरतात. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसाच्या चिन्हावर फुली. जन्ममृत्यूची सालं, कोण कोणाशी बोलत नाही, कोण घर सोडून गेलं, कोणाला दारू, कोणाला न उलगडलेलं आजारपण, हे सगळं वेगवेगळ्या रेषांनी. आमच्या शाळेतल्या वंशावळीत फक्त बापे असायचे. इथे बायका होत्या आणि त्यांच्यातल्या रेषाही होत्या.

आण्णांच्या ओळीत मी तीन चौकोन काढले. आण्णा १९६२, मधले काका १९६५, धाकटे काका १९७५. मॅडमनी पेन्सिलीचं टोक मधल्या आणि धाकट्यांच्या मध्ये टेकवलं. "दहा वर्षं. मधे कोणी?" मला माहीत नव्हतं. चाळिशीला आलेली मी, माझ्या बापाला किती भावंडं होती हे मला सांगता येत नव्हतं.

घरी येऊन आईला विचारलं. तिनं गॅस बारीक केला. "एक पोरगी हुती म्हणं. त्यास्नी इचारू नगंस." आईच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिलाही याहून जास्त ठाऊक नव्हतं.

मॅडमनी बजावलं, घाईनं त्या मुलीबद्दल विचारायचं नाही. आधी गावाबद्दल विचारा, गुरांबद्दल विचारा, आणि ते जिथे थांबतील तिथे तुम्हीही थांबा. ही सूचना मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्याला गोष्ट हवी असते, म्हाताऱ्या माणसाला मात्र ती सांगून झाल्यावर त्या रात्री झोपायचं असतं.

आमचं मूळ गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला. कोल्हापूरला आम्ही जगायला आलेलो, हे मला माहीत होतं. "जगायला गेलो" हे माणदेशातल्या प्रत्येक घराचं वाक्य आहे. त्याच्या आत काय आहे ते आण्णा हळूहळू सांगत गेले. रात्री जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून. आधीच्या वर्षीही पाऊस धड झाला नव्हता, बहात्तरला तो आलाच नाही. विहिरीत माणूस उतरवून वाटीनं पाणी भरायचे. बैल गेले, मग म्हैस गेली. आज्जी आणि आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, पाझर तलावाच्या बांधावर माती टाकायचे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. त्या लाखांत आमचं घर होतं, हे मला कळायला पन्नास वर्षं लागली. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी तेव्हा आकाराला येत होती, पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आण्णा पागेंचं नाव हात जोडून घेतात. "त्या कामावर माणसं वाचली, ध्येनात ठेव." अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, तिची न वळणारी भाकरी, आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, म्हणजे पिठाचा पौष्टिक खाऊ. सुकडीचं नाव घेतलं की आण्णा गप्प व्हायचे. मीही थांबायचे.

मग एका संध्याकाळी त्यांनी स्वतःच सांगितलं. बहीण दीड-दोन वर्षांची. आज्जी खडीवर, पोरगी बाभळीखाली झोळीत, आणि तिला राखायला अकरा वर्षांचे आण्णा. तिला हगवण लागली. वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं, हगवणीत पाणी देऊ नका, आणखी वाढंल. पोरगी पाण्यासाठी रडायची, आण्णा द्यायचे नाहीत. तिच्या वाट्याची सुकडी ती खाईना, म्हणून ती आण्णांनी खाल्ली. दोन-तीन दिवसांत ती गेली. नाल्याच्या कडेला पुरली. दुसऱ्या दिवशी आज्जी कामावर गेली, कारण हजेरी चुकली तर मजुरी नाही.

"तवापास्नं आई माज्या ताटाकडं बगायची," आण्णा म्हणाले. "तिला म्हाईत हुतं."

आज्जी त्यांना कधी काही बोलली नव्हती. तिच्या नजरेत दोष होता, की हे लेकरू तरी पोटभर जेवतंय का एवढंच ती बघत होती, हे आता कोण सांगणार. आण्णांनी ती नजर आरोप म्हणून घेतली. मी ती शिस्त म्हणून घेतली. माझ्या मुलीनं माझ्या तोंडावर तीच नजर बघितली आणि तिच्या पोटानं जेवण ठेवून घ्यायला नकार दिला.

मॅडमकडे आण्णा आले ते माझ्या मुलीचं नाव काढल्यावर. "नातीसाठी येतो" म्हणाले. मी त्याआधी दुष्काळ, बालमृत्यू, हगवण यांवर बरंच वाचलं होतं. मीठ-साखर-पाण्यानं लेकरू वाचतं हे आज प्रत्येक आईला ठाऊक आहे. पण मोठ्या प्रमाणावर ते दिसून आलं १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत. सलाईनच्या बाटल्या संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून कॉलऱ्याच्या रोग्यांना पाजलं आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले. डॉक्टरमंडळींनाच ते पटायला आणखी काही वर्षं गेली. माणदेशातल्या खडीच्या कामावर त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते कोण सांगणार होतं? हे आण्णांना कळलं पाहिजे असं मला वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, इथे, माझ्यासमोर सांगा.

सांगितलं. आण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे पाणी द्याय पायजे हुतं."

त्या खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मॅडमनी त्यांना समजावलं नाही, की "तुमची काय चूक" असंही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, तुम्हाला पाणी देऊ नको असं सांगणाऱ्या माणसांचा त्या पोरीवर जीव नव्हता का? आण्णा म्हणाले, लई हुता. मग तुमचा? आण्णा रडले. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. ती सुकडी खाल्ल्यानं काही झालं नव्हतं हे त्यांना पटलं, पाण्याचं मात्र त्यांना खुपत राहिलं. पुढचे दिवस अवघड गेले. झोप उडाली, रात्री उठून ओट्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवायचे. मॅडमनी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, काही महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. जुनं दुखणं उघडलं की माणूस लगेच हलका होतो, असं जे बोललं जातं ते आमच्या बाबतीत खरं ठरलं नाही. आधी जड झाले, मग सावकाश सैल झाले. अशा वेळी हाताशी डॉक्टर असणं गरजेचं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

याच काळात मी जनुकांच्या मागे लागले होते. न्यूयॉर्कच्या संशोधक रेचल येहुदा यांनी नाझी छळातून वाचलेली माणसं आणि त्यांची मुलं यांच्या रक्तात, ताणाशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा तपासल्या. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली, तेव्हा पोटात असलेल्या बाळांवर पुढे साठ वर्षांनीही तशा खुणा आणि आजारांचं वाढलेलं प्रमाण दिसलं. मला वाटलं, सापडलं, आपल्या रक्तातच दुष्काळ आहे. पण येहुदांच्या त्या अभ्यासात ३२ वाचलेली माणसं आणि त्यांची २२ अपत्यं होती. एवढ्याशा संख्येवरून भीती रक्तातून उतरते असं सिद्ध होत नाही. डच बाळं तर स्वतःच पोटात उपाशी राहिली होती, आणि मी दुष्काळानंतर जवळजवळ दहा वर्षांनी जन्मले. मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमच्या घरात कुलूप आहे, गाठोडं आहे, नजर आहे. इथवर पोचायला तेवढं पुरेसं आहे." मला ते पटलं. रक्तातलं काढता येत नाही, पण जेवताना कुठे बघायचं हे ठरवता येतं.

नातेवाइकांनी वेगळं निदान केलं होतं. पितृदोष. त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करा, म्हणजे पोरीच्या उलट्या थांबतील. आम्ही गेलो नाही. पण मी त्यांना हसलेही नाही, कारण घरातलं कोणीतरी विसरलं गेलंय एवढं त्यांनाही जाणवत होतं. आमच्याकडे पितृपक्षात म्हाळ घालतात, पण एवढ्या लहान लेकराला म्हाळ नसतो. म्हणून वर्षातून एकदासुद्धा तिचं नाव घरात निघत नव्हतं.

आता माझ्या ताटाबद्दल. मुलीला काही करायला लावायचं नाही, सुरुवात माझ्यापासून, असं ठरलं. माझ्याच ताटात भाकरीचा एक तुकडा ठेवायचा आणि बसून राहायचं. भीतीला शून्य ते दहा असे गुण द्यायचे. पाय जमिनीला टेकलेत हे जाणवून घ्यायचं. आसपासच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. मग आजची तारीख, आजचं ठिकाण, कोठीत काय काय आहे ते मोठ्यानं म्हणायचं. गुण खाली येईपर्यंत उठायचं नाही. पहिल्यांदा नऊ होते. एका तुकड्यासाठी घाम फुटलेला.

इथे मॅडमशी माझं वाजलं. त्यांचं म्हणणं, तो तुकडा शेवटी टाकून द्या, जपून ठेवाल तर भीतीला खायला घालाल. मला ते मान्य नव्हतं आणि आजही नाही. ज्या घरातलं लेकरू दुष्काळात गेलं त्या घरानं अन्न फेकायला शिकणं, याला मी बरं होणं म्हणणार नाही. बोलून बोलून आम्ही मधली वाट काढली. पोट भरलं की थांबता आलं पाहिजे, हे ध्येय. उरलेलं झाकून ठेवायचं, पुढच्या वेळेला खायचं किंवा गाईला घालायचं. वाळवून गाठोड्यात बांधायचं मात्र नाही.

खरी अडचण त्याहून खोल होती, आणि ती मला कुठल्या वाचनात सापडली नाही. गुण खाली यायला लागले, नऊचे सहा, सहाचे चार झाले, तसतशी मी उदास होत गेले. भीती कमी होतेय, तर आनंद व्हायला हवा. मॅडमनी खोदून विचारल्यावर तोंडातून निघालं, "मी आज्जीला सोडून चाललेय असं वाटतं." आज्जीकडून मला दागिना मिळाला नाही, जमीन मिळाली नाही, फोटोसुद्धा एकच आहे. ही भीती हेच तिचं माझ्याकडे आलेलं होतं. ती खडी फोडत होती, पोर पुरून दुसऱ्या दिवशी कामावर गेली, आणि मी तिची नात अर्धी भाकरी ठेवून निवांत उठणार? बरं होणं मला तिच्याशी बेइमानी वाटत होती. आण्णांनाही तेच अडवत होतं, फक्त त्यांच्या बाबतीत ती बहीण होती.

यावर मॅडमनी सांगितलेला उपाय साधा होता. भीतीऐवजी तिचं दुसरं काहीतरी जवळ ठेवा. मी आण्णांकडून आज्जीबद्दल दुष्काळाच्या आधीचं आणि नंतरचं विचारायला लागले. ती ओव्या म्हणायची. सिद्धनाथाच्या यात्रेला बांगड्या भरायची. कोल्हापुरात आल्यावर पहिल्यांदा रंकाळा बघून तिनं विचारलेलं, हे सगळं पाणी कुणाच्या मालकीचं? हे मी मुलीला सांगते. आमच्या घरात आज्जी आता दुष्काळाच्या बाहेरही आहे.

आम्ही गावी जाऊन आलो. विट्यावरून म्हसवडकडे जाताना रस्त्याकडेला डाळिंबाच्या बागा दिसतात, आण्णा त्या बघून अजून चकित होतात. पाझर तलावाचा बांध शिल्लक आहे. बांधावर उभं राहून आण्णांनी नातीला दाखवलं, हितली माती तुज्या पणजीनं टाकलीया. नाल्याची कडा बदललीय, जागा नक्की सापडली नाही. आण्णा म्हणाले, ऱ्हाऊदे, एवढ्यात कुटंतरी. त्या वर्षी म्हाळाच्या दिवशी त्यांनी बहिणीसाठी वेगळं पान वाढलं आणि शेजारी तांब्याभर पाणी ठेवलं. शास्त्रात बसतं का, हे भटजींना विचारलं नाही. तिचं नाव इथे लिहीत नाही, ते घरातच राहावं असं आण्णांचं म्हणणं आहे.

मुलीच्या उलट्या त्याआधीच थांबल्या होत्या. ती आता "बास" म्हणते आणि उठते. तो शब्द ऐकून माझा घसा अजून कधीकधी आवळतो, विशेषतः मी दमलेली असले की. तेव्हा मी ताटावरून नजर काढून तिला शाळेबद्दल विचारते. आण्णा सगळ्यांबरोबर जेवायला बसतात. कुलूप आहेच, पण किल्ली आता खिळ्याला असते. गाठोडं त्यांनी स्वतः सोडलं. जुलै २०२१ च्या पुरात कामाला आलं असतं, असं मात्र ते दोनदा म्हणाले.

लोक विचारतात, खर्च किती आला. खाजगी समुपदेशन सगळ्यांना परवडत नाही, हे खरं आहे. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत, मराठीतही बोलता येतं. निदान सुरुवात तिथून करता येते.

मधले काका यातल्या कशाला तयार नाहीत. ते तेव्हा आठ वर्षांचे होते, त्यांनाही काहीतरी आठवत असणार. "मेलेलं उकरू नगासा," एवढंच ते म्हणतात, आणि त्यांच्या घरी अजून ताट पुसून घ्यावं लागतं. आण्णा म्हणतात, बोललं पायजे त्याच्याशी. मी काकांना विचारणं थांबवलंय. त्यांच्या सुनेला मात्र मॅडमचा पत्ता देऊन ठेवलाय. तिची मुलगी पुढच्या महिन्यात तीन वर्षांची होईल.